दिवा जळतोय, पण पीयूसी पास!

परवा माझ्या गाडीची पीयूसी काढली. सायलेन्सरमध्ये नळी, नंबर प्लेटचा फोटो, दोन मिनिटांत कागद हातात. डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा जळत होता, त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. त्यांचा संगणक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर स्वतः तपासतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बिघाड कळतो. आपली पीयूसी पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन मोजते, डिझेलचा धूर बघते. नायट्रोजन ऑक्साइड? मोजतच नाहीत!

वर काही गॅरेजवाले बिघाड तसाच ठेवून नुसता कोड पुसतात. दिवा गेला, गिऱ्हाईक खूश. कॅलिफोर्नियात ही चलाखी चालत नाही. कोड पुसला किंवा बॅटरी काढली की संगणकाच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसतात आणि गाडी परत पाठवतात. त्या पूर्ण व्हायला काही दिवस थंड इंजिनपासून सुरुवात करून गाडी शहरात आणि हायवेवर चालवावी लागते. म्हणजे नुसतं द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये रखडून भागणार नाही, ओझरपर्यंत एका वेगात जाऊन यावं लागेल.

नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, सिंहस्थाची गर्दी तोंडावर आहे. पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड. मग बीएस-6 गाड्यांना स्कॅनर सक्तीचा करायला परिवहन खात्याला अडचण काय?

माझ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेलेला निघाला. पीयूसी मात्र वर्षभर वैध आहे.