ई-मेलला कुलूप आले, किल्लीची जबाबदारी मात्र वापरकर्त्याची

वकील आणि अशील, पत्रकार आणि त्याला माहिती पुरवणारी व्यक्ती यांच्यातील नाजूक पत्रव्यवहार आज बहुतांशी ई-मेलने होतो. हा मजकूर वाटेत बहुधा सुरक्षित असतो. मात्र सर्व्हरवर पोहोचल्यानंतर तो सेवा देणाऱ्या कंपनीला वाचता येण्याजोगा राहतो. पाठवणारा आणि स्वीकारणारा यांच्याखेरीज कोणालाही तो उलगडू नये, यासाठी ‘एंड टू एंड एन्क्रिप्शन’ ही पद्धत आहे.

हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतील फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ ही प्रणाली उपलब्ध करून दिली. पण वापरातील किचकटपणामुळे ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली नाही. ‘थंडरबर्ड’ या मोफत ई-मेल सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘एनिगमेल’ हे पूरक सॉफ्टवेअर वेगळे बसवावे लागे. २०२० मध्ये आलेल्या ७८ व्या आवृत्तीत ही सोय थंडरबर्डमध्येच अंतर्भूत झाली.

आता खात्याच्या सेटिंगमधून किल्ल्यांची जोडी काही मिनिटांत तयार होते. सार्वजनिक किल्ली इतरांना द्यायची. तिने पत्र बंद होते. खासगी किल्ली स्वतःजवळ ठेवायची; पत्र केवळ तिनेच उघडते. समोरच्या व्यक्तीची सार्वजनिक किल्ली खरोखर तिचीच आहे का, हे किल्लीचा ‘फिंगरप्रिंट’, म्हणजे अंक-अक्षरांची ओळखमालिका, दूरध्वनीवर वाचून पडताळावे लागते. हा टप्पा गाळल्यास तोतयाने पाठवलेल्या किल्लीने पत्र बंद होईल आणि ते तोतयालाच वाचता येईल.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कोणी, कोणाला, केव्हा पत्र पाठवले ही माहिती उघडीच राहते. खासगी किल्ली हरवली, तर जुनी पत्रे स्वतःलाही उघडता येत नाहीत. त्यामुळे तिची प्रत अन्यत्र जपणे आणि थंडरबर्डला मुख्य पासवर्ड लावणे अत्यावश्यक ठरते. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ईफेल’ त्रुटींनी तर ई-मेल सॉफ्टवेअरमधील उणिवांमुळे कूटबद्ध मजकूरही फुटू शकतो, हे दाखवून दिले.

भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ नुसार सक्षम यंत्रणेने आदेश दिल्यास मजकूर उलगडण्यास साहाय्य करणे बंधनकारक आहे. नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कूटबद्ध संदेशांचा मूळ मजकूर ९० दिवस जतन करण्याची अट घालणारा धोरण-मसुदा केंद्र सरकारने सप्टेंबर २०१५ मध्ये टीकेनंतर मागे घेतला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला.

तपासयंत्रणांची गरज आणि नागरिकाचा खासगीपणा यांतील हा ताण संपलेला नाही. मात्र कंपनीऐवजी किल्ली पत्रलेखकाच्या हाती आल्याने एक मूलभूत फरक पडतो: मजकूर हवा असेल, तर मागणी त्याच्या परस्पर नव्हे, त्याच्याकडेच करावी लागते.