नव्वद दिवसांचा दाखला देणार कोण?

गोव्यात बांधकामावर मजुरी मिळवायची असेल, तर अर्ज करावा लागत नाही, ओळखीचीही फारशी गरज पडत नाही. सकाळी आठच्या आत नाक्यावर उभे राहावे लागते. म्हापसा, पर्वरी, मडगाव, फोंडा, वास्को अशा प्रत्येक शहरात एखादा तरी नाका त्यासाठी ठरून गेलेला आहे. तेथे ना फलक असतो ना छप्पर. दुचाकीवरून एखादा मुकादम येतो, चारचाकीतून घरमालक येतो. ‘दोघे हवेत, चिरे उतरवायचे आहेत’, एवढीच जाहिरात. चार-पाच जण पुढे सरसावतात, दराची घासाघीस होते आणि दोघे निघून जातात.

या बाजाराचे नियम कुठे लिहिलेले नसले, तरी काटेकोर आहेत. थापी-ओळंबा घेऊन आलेल्या गवंड्याला मागणी अधिक, त्यामुळे तो लवकर उचलला जातो. सेंटरिंगचे काम जाणणारा त्याच्या मागोमाग. नुसते घमेले वाहणाऱ्या बिगाऱ्याला थांबावे लागते आणि जोडीला नवरा नसलेली बाई बहुधा शेवटपर्यंत उभी राहते. तिची मजुरीही कमी. नऊ वाजल्यानंतर दर उतरू लागतो, कारण गिऱ्हाईकालाही ठाऊक असते की आता नाही म्हटले, तर त्या दिवशी खाडाच पडणार. दहानंतर नाक्यावर जे उरतात, ते खोलीवर परततात. चतुर्थीच्या आधी रंगरंगोटी आणि पावसाळ्याच्या तोंडावर कौले शाकारणे, या दोन हंगामांत मात्र हेच चित्र उलटते आणि माणसे मिळत नाहीत म्हणून घरमालक हळहळतात.

नाक्यावर उभी असलेली माणसे प्रामुख्याने उत्तर कर्नाटकातली. विजयपूर, बागलकोट, गदग, कोप्पळ या कोरडवाहू पट्ट्यातून येणाऱ्यांची आता दुसरी-तिसरी पिढी येथे आहे. (त्यांना सरसकट ‘घाटी’ म्हणून मोकळे होणाऱ्या गोमंतकीयांच्या घरांचे चिरेही बहुतेकदा त्यांनीच वाहिलेले असतात.) अलीकडे त्यांत झारखंड, ओडिशा, बंगाल, उत्तर प्रदेश येथील तरुणांची भर पडली. मात्र या दोन गटांत एक फरक आहे. मोठ्या प्रकल्पांवर दूरच्या राज्यांतून ठेकेदारामार्फत आलेली टोळी पत्र्याच्या शेडमध्ये कामाच्या जागीच राहते. नाक्यावरचा मजूर भावकीच्या आधाराने स्वतःहून येतो, भाड्याच्या खोलीत राहतो आणि रोज नवा मालक शोधतो.

कायद्याने हा फरक कधी नीट ओळखलाच नाही. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याच्या लेखी ठेकेदाराने भरती केलेला कामगार तेवढा स्थलांतरित होता. स्वतःच्या पायांनी आलेला त्यात बसत नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी ही उणीव दूर केली, हे मान्य करायला हवे. पण ज्या दाराशी हा मजूर खरोखर अडतो, ते दार निराळेच आहे.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली दोन कायदे झाले. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा, तो कल्याण मंडळाकडे जमा करायचा आणि नोंदणीकृत मजुरांना अपघात, आजारपण, प्रसूती, मुलांचे शिक्षण, निवृत्तिवेतन यांसाठी साहाय्य द्यायचे, अशी ही योजना. एक कोटीच्या इमारतीमागे एक लाख रुपये. नोंदणीची अट वरकरणी साधी आहे. वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे. सामाजिक सुरक्षा संहितेने हीच अट पुढे चालवली आहे.

आता हे ९० दिवस सिद्ध कोणी करायचे? दाखला मुळात मालकाने किंवा ठेकेदाराने द्यावा, अशी अपेक्षा. ज्या मजुराने वर्षभरात साठ जणांकडे काम केले, त्याला साठ दाखले कोण देणार? संध्याकाळी रोख मजुरी हातावर ठेवणाऱ्या घरमालकाला त्याचे नावही ठाऊक नसते. मालक दाखला देत नसेल, तर कामगार संघटना किंवा सरकारी अधिकारी यांच्या दाखल्यावर नोंदणी करण्याची सोय अनेक राज्यांच्या नियमांत आहे. परंतु नाक्यावर संघटना नाही, आणि अधिकाऱ्याने ज्याला काम करताना पाहिलेच नाही, त्याच्यासाठी त्याने सही का करावी? महाराष्ट्रात ही जबाबदारी ग्रामसेवकांवर टाकली गेली, तेव्हा त्यांनीच ती नाकारली होती. तेथे भांड्यांच्या संचासाठी लागलेल्या रांगा आणि बोगस नोंदणीच्या तक्रारी या दोन्ही गोष्टी एकाच मुळाच्या आहेत. दाखला कामाशी जोडलेला राहिला नाही की तो ओळखीशी जोडला जातो.

परिणाम असा की पैसा साठतो आणि ज्याच्या घामामुळे तो जमला, तो रांगेच्या बाहेर राहतो. उपकराची ही रक्कम वर्षानुवर्षे पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८च्या निकालात राज्यांना खडे बोल सुनावले होते. पुढे मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. या निधीतून मजुरांच्या खात्यांत थेट पैसे भरा, असे केंद्राने राज्यांना कळवले. खाते नोंदणीकृतांचेच सापडणार होते. थिवी, करमळी, मडगाव येथून सुटलेल्या श्रमिक गाड्यांत नोंदणी नसलेलेही होतेच.

नव्या संहितेत आणखी एक मेख आहे, आणि गोव्यासाठी ती विशेष महत्त्वाची. पूर्वी दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे घर बांधणारा माणूस कायद्यातून वगळलेला होता. आता ही मर्यादा ५० लाख झाली आहे. शिवाय, दहापेक्षा कमी मजुरांचे काम आणि या मर्यादेतले घरकाम हे ‘बांधकाम’ या व्याख्येतूनच वगळले गेले आहे. उपकर बुडाला, एवढ्यावर हा प्रश्न थांबत नाही. व्याख्येचा शब्दशः अर्थ लावला, तर अशा जागी केलेला दिवस ९० दिवसांच्या हिशेबातही धरता येणार नाही. नाक्यावरून मिळते ते काम नेमके याच प्रकारचे: न्हाणीघराची फरशी, कुंपणाची भिंत, जुन्या घराचे छप्पर. सहा माणसे, चार दिवस. म्हणजे वर्षात अडीचशे दिवस राबणारा गवंडी कागदावर एकही दिवस न भरलेला ठरू शकतो.

याच मजुराची दुसरी नोंद मात्र बिनचूक होते. कोठे चोरी झाली, मारामारी झाली की भाडेकरूंच्या पडताळणीची मोहीम निघते, खोल्याखोल्यांतून अर्ज भरून घेतले जातात, आधार क्रमांक टिपले जातात. जी यंत्रणा संशयित म्हणून त्याच्या दारापर्यंत पोहोचते, तिला कामगार म्हणून तो सापडत नाही, हे पटण्यासारखे नाही. जानेवारी २०१४मध्ये काणकोणच्या चावडी येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसहून अधिक मजुरांचा जीव गेला. त्या वेळी ढिगाऱ्याखाली नेमके किती जण आहेत, हाच पहिला प्रश्न होता. हजेरीचा कागद हा केवळ लाभासाठी नसतो.

गोव्याला हे जमणार नाही, असे म्हणायला फारशी जागा नाही. राज्य लहान, नाके मोजके आणि ठरलेले. कामगार निरीक्षकाने आठवड्यातून एकदा सकाळी सात ते नऊ नाक्यावर टेबल मांडले, तर मजुराला रोज बुडवून कचेरीत जावे लागणार नाही. नाक्यावरची नियमित उपस्थिती हाच बांधकाम मजूर असल्याचा पुरावा मानता येईल, कारण हौसेखातर तेथे कोणी उभे राहत नाही. बोगस नावांना आळा घालायलाही हाच मार्ग बरा. बांधकाम परवाना देणाऱ्या पंचायती आणि पालिका आहेतच. परवान्यासोबत हजेरीचे पुस्तक देऊन, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापूर्वी ते भरून मागणे अवघड नाही. राहता राहिली छोटी घरकामे. संहितेत न बसणाऱ्या या मजुरांसाठी असंघटित कामगारांच्या योजना आखण्याचा अधिकार राज्याकडे आहे, आणि त्या नोंदणीला मजुराचे स्वयंघोषणापत्र पुरते.

हे करायचे तर पावसाआधी करावे लागेल. मृगाच्या सुमारास नाक्यावरचे बरेच जण पेरणीला गावी जातात. ऑक्टोबरात ते परततात तेव्हा खोली नवी असते, मुकादम नवा असतो आणि मागच्या हंगामात आपण कोणाकोणाकडे राबलो, हे सांगायला त्यांच्याजवळ स्वतःच्या आठवणीखेरीज काही नसते.