काल्हेरमध्ये घराला रंग काढताय? भिंतीआधी छताकडे बघा

पावसाळा सरला की काल्हेरच्या सोसायट्यांमध्ये शेडकार्ड फिरू लागतं. पिस्ता की क्रीम, पट्टा चॉकलेटी की करडा, यावर सभेत तासभर वाद रंगतो. गच्चीच्या रंगाचा विषय मात्र निघत नाही. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरचं घर किती तापणार, हे बऱ्याच अंशी तोच रंग ठरवतो.

छत एवढं का तापतं?

उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. भिंतीवर ऊन तिरकं पडतं, छतावर थेट. निरभ्र आकाश असेल तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा येते. काळं डांबरी वॉटरप्रूफिंग यातली ९० टक्क्यांच्या आसपास शोषतं, ताजा पांढरा परावर्तक रंग साधारण २० टक्के. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर हा फरक जवळपास ३९ किलोवॅट होतो. ही सगळी उष्णता घरात येत नाही, बरीच वाऱ्यावर जाते. पण स्लॅबमध्ये साठलेली उष्णता रात्री खाली उतरते. म्हणूनच पंखा लावूनही वरच्या मजल्यावर झोप लागत नाही.

पत्र्याखाली काय होतं?

काल्हेर आणि आसपास गोदामं आणि यंत्रमागाचे गाळे आहेत. नवा, रंग न दिलेला पत्रा ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सहज सोडत नाही. गंजला की आणखी तापतो. त्याखाली माणसं पूर्ण पाळी काम करतात, आणि छताचा रंग निवडणं त्यांच्या हातात नसतं.

मग निवड कशी करायची?

- गच्ची : पांढरा परावर्तक रंग. आधी गळती आणि भेगा बुजवा. भिंतीचा साधा रंग गच्चीवर टिकत नाही. चुना स्वस्त पडतो, पण दरवर्षी द्यावा लागतो. ओल्या गच्चीवर पाय घसरू शकतो, तेव्हा खरखरीत फिनिश घ्या.
- भिंती : फिकट, पण शुभ्र नको. ठाणे-भिवंडी रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातलं शेवाळ पांढऱ्यावर लगेच दिसतं. फिकट मातकट किंवा करडी छटा बरी. गडद रंग हवाच असेल तर पश्चिमेची भिंत सोडून द्या, दुपारनंतरचं ऊन तिथेच येतं.
- देखभाल : धूळ बसली की पांढरा रंगही तापतो. मार्च सुरू होण्याआधी गच्ची धुऊन घ्या.

हे फक्त घरमालकावर सोडायचं?

तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छत धोरण आणलं आणि सरकारी व व्यावसायिक इमारतींना ते बंधनकारक केलं. काल्हेर भिवंडी परिसर अधिसूचित क्षेत्रात येतं आणि तिथलं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. नव्या गोदामाला परवानगी देताना परावर्तक छताची एक अट घालणं अवघड नाही. एसी बसवण्यापेक्षा रंगाचा डबा स्वस्त आहे, आणि पत्र्याखाली राबणाऱ्याला एसी तसाही मिळत नाही.

तोवर सोसायटीच्या पुढच्या सभेत शेडकार्ड उघडण्याआधी एक करा : सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा, मे महिन्यात तुम्ही झोपता कुठे?