परदेशचा फोन आणि चाळीतली रिकामी खोली

आजचा विषय खत-बियाण्याचा नाही, फोनचा आहे. हा कृषी खात्याचा माणूस भलतीकडे कुठे निघाला, असं तुम्हाला वाटेल. पण खोडकिडा बघायला बांधावर गेलं की शेतकरी आम्हाला फक्त खोडकिड्याबद्दलच विचारतो असं थोडंच आहे? पोराच्या अ‍ॅडमिशनपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं निघतं. हा विषयही असाच बांधावरून आला.

मागच्या खरिपात मोरिवलीला एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. आजूबाजूला एमआयडीसी, उरलेल्या एकरभरात भात, बांधावर थोडी भाजी आणि रस्त्याला लागून पाच खोल्यांची चाळ. भाडेकरू सगळे कंपन्यांतले कामगार. पाहणी झाली, चहा आला आणि त्यानं हळूच विचारलं, "साहेब, एक जण खोली मागतोय. राहणार कुणी नाही म्हणतो. नुसतं मशीन ठेवायचंय, लाइट आणि इंटरनेट चोवीस तास पाहिजे. भाडं दुप्पट देतो. देऊ का?"

मशीन कसलं, असं विचारलं तर म्हणाला, "परदेशातल्या लोकांना घरी स्वस्तात फोन करता यावा म्हणून काहीतरी आहे म्हणे. पुण्याचंच काम."

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन वाजला. मुलगा शारजाला वेल्डर आहे, त्याचा फोन. माझी नजर सहज स्क्रीनवर गेली, तर नंबर इथलाच, साधा दहा आकडी. मी विचारलं तेव्हा माउली म्हणाली, "दर वेळी नवाच नंबर येतो. कुठलंसं कार्ड घेतलंय त्यानं, स्वस्त पडतं."

म्हणजे ज्या मशीनला खोली द्यावी की नाही हे नवरा मला विचारत होता, तसल्याच कुठल्या तरी मशीनमधून मुलाचा आवाज बायकोच्या कानात येत होता. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. तुमच्यापैकी कित्येकांनाही नसेल, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी थोडं मागचं. परदेशी थेट डायल करून फोन लावायची सोय आपल्या देशात १९७६ साली मुंबई-लंडन मार्गावर झाली. त्याआधी ट्रंक कॉल बुक करायचा आणि ताटकळत बसायचं. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उपग्रहाकडे तोंड करून बसवलेली मोठी थाळी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभी राहिली होती. भोवतालच्या शेतांवरून परदेशाशी बोलणी जायची, पण त्या शेतांतल्या माणसाच्या घरात साधा फोनही नसायचा. पुढे गावोगावी पिवळ्या पाटीची एसटीडी-आयएसडी बूथं आली तेव्हा कुठे तुमच्या-आमच्यासारख्यांची सोय झाली.

माझे मामा मस्कतला होते. साल १९९९ असेल, मी शाळकरी होतो. आई काय बोलायचं ते आधी चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि आम्ही अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या बूथवर जायचो. काचेच्या खोपट्यात आई बोलायची आणि मी त्या लाल आकड्यांच्या मीटरकडे डोळे लावून उभा. तेव्हा परदेशी फोनला देशाप्रमाणे मिनिटाला पन्नास-साठ रुपये, कुठे त्याहूनही जास्त पडत. पाच मिनिटं बोललं की अडीचशे-तीनशे गेले. तेव्हा युरियाची पन्नास किलोची गोणी दोनशे रुपयांच्या आसपास मिळायची. म्हणजे एका खुशालीला एका गोणीहून जास्त. आज पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आहे आणि फोन मात्र जवळजवळ फुकट झालाय. आमच्या खात्याच्या माणसाला असलेच हिशेब सुचतात, माफ करा.

फोन एवढा स्वस्त झाला कसा? पूर्वी तुमच्या एका बोलण्यासाठी दोन देशांमधली एक वाट तेवढा वेळ राखून ठेवावी लागे. एका पाटी भाजीसाठी अख्खा टेम्पो भाड्यानं करण्यासारखं ते होतं. शिवाय आपल्याकडे परदेशी फोनची मक्तेदारी विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीकडे होती. ती ३१ मार्च २००२ ला संपली आणि दुसऱ्याच दिवसापासून इंटरनेटवरून परदेशी बोलायलाही कायद्यानं मुभा मिळाली. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे होतात आणि ते इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीतून जातात. म्हणजे अख्खा टेम्पो नको, एसटीच्या टपावर आपली पाटी टाकली की झालं. २०१५ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येऊ लागलं, २०१६ च्या अखेरीस तोंड बघूनही बोलता येऊ लागलं, आणि त्याच वर्षी मोबाइलच्या इंटरनेटचे दर कोसळले. बूथवाल्यांनी तोवर झेरॉक्स आणि रिचार्ज सुरू केलंच होतं.

तेव्हा घरबसल्या परदेशी बोलायचा सर्वांत स्वस्त आणि सरळ रस्ता म्हणजे आपलाच फोन, आपलंच इंटरनेट आणि दोन्हीकडे एकच अ‍ॅप. तासभर नुसतं बोललं तर साधारण तीस-चाळीस एमबी डेटा लागतो. तोंड बघून बोलायचं तर त्याच्या कितीतरी पट. रोजच्या रिचार्जमधला डेटा पोरांनी क्रिकेटवर उडवला नाही तर आजीचं अमेरिकेतल्या नातवाशी बोलणं त्यात आरामात बसतं. रेंज कमी असेल तिथे व्हिडिओ बंद करून बोला, आवाज तुटत नाही. वेळेचंही भान ठेवा. दुबई-मस्कत आपल्या दीड तास मागे, सौदी अडीच तास, आणि न्यूयॉर्ककडे आपली सकाळ म्हणजे तिथली आदली रात्र. कुणी अजून "स्काइपवर या" म्हणत असेल तर त्याला सांगा, ते मे २०२५ मध्ये बंद झालं.

नेहमीसारखा नंबर फिरवून लावलेला परदेशी फोन मात्र अजूनही स्वस्त नाही. समोरच्याकडे इंटरनेट नसेल तर इलाज नाही. पण आधी कंपनीकडे चौकशी करून परदेशी फोनचं वेगळं पॅक टाकून घ्या, नाहीतर बॅलन्स कधी संपला ते कळायचं नाही. आणि +९१ सोडून भलत्याच आकड्यानं सुरू होणाऱ्या नंबरवरून एक रिंग येऊन बंद झाली तर उलट फोन करू नका. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं केला होता. पलीकडे कुणी बोललंच नाही, नुसतं गाणं वाजत राहिलं आणि त्याचा रिचार्ज गेला. ओळखीचं कुणी असेल तर ते पुन्हा फोन करतंच.

अडचण येते ती आखातातल्या मुलांची. दुबई, शारजा, अबुधाबी या संयुक्त अरब अमिरातीच्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता येतं, फोटो पाठवता येतात, पण बोलता येत नाही. तिथल्या सरकारनं परवानगी दिलेली बोटिमसारखी अ‍ॅप्सच चालतात, आणि त्यासाठी कुठलं पॅक घ्यायचं ते तिथल्या फोन कंपनीकडे विचारावं लागतं. व्हीपीएन टाकून पळवाट काढणं तिथे अंगाशी येऊ शकतं, परमुलखात पोरांनी असलं धाडस करू नये. ही खटपट नको म्हणून मग पोरं कामगार वस्तीतून कुणाकडून तरी स्वस्त कार्ड घेतात. इथे आपण पुन्हा मोरिवलीच्या ओटीवर येतो.

त्या कार्डावरून फोन केला की आवाज इंटरनेटवरून भारतात येतो आणि कुठल्या तरी बंद खोलीतल्या पेटीत उतरतो. तिला सिम बॉक्स म्हणतात. पेटीत डझनांनी सिमकार्डं बसवलेली असतात. पेटी त्यातल्या एका सिमवरून तुमच्या घरी साधा गावातल्या गावात करावा तसा फोन लावते. म्हणून शारजाच्या फोनला इथला दहा आकडी नंबर दिसतो आणि दर वेळी वेगळा दिसतो. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे इथल्या फोन कंपनीला जे पैसे मिळायला हवेत ते वाचवून हा धंदा चालतो. बनावट भारतीय नंबर दाखवणारे परदेशी फोन अडवायची यंत्रणा दूरसंचार विभागानं २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केली. पण पेटीतलं सिम खरंच इथलं असतं. त्या चाळणीत ते अडकत नाही.

कंपनीचे पैसे बुडाले तर आपलं काय गेलं, असं कुणी म्हणेल. पण त्या पेटीतून फक्त शारजाच्या वेल्डरचीच खुशाली येत नाही. पोलिस असल्याचं सांगून म्हाताऱ्या माणसांना घाबरवणारे, बँकेतून बोलतोय म्हणून खातं रिकामं करणारे, खंडणी मागणारे, असे फोनही परदेशातून ह्याच वाटेनं येतात. शोध घेत पोलिस येतात तेव्हा त्यांना बोलणारा सापडत नाही. सापडतं ते सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव, आणि पेटी ज्याच्या खोलीत आहे त्याचं घर. २०१७ साली लातूरकडे अशीच बेकायदा एक्स्चेंजं पकडली गेली, आणि ती शोधायला लष्कराच्या गुप्तचरांनाही लक्ष घालावं लागलं. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे परवान्याशिवाय फोनची सेवा चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मदत करणाराही सुटत नाही. दुप्पट भाड्याचा हा असा हिशेब आहे.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात जमिनी गेल्या आणि चाळी आल्या. भाडं हेच आता कित्येक घरांचं दुसरं पीक आहे. म्हणून सांगतो, ज्या खोलीत माणूस राहणार नाही, फक्त वीज आणि इंटरनेट लागणार आहे, कुलूप त्याचं आणि तुम्ही आत बघायचं नाही, अशी मागणी आली की सावध व्हा. भाडेकरार लेखी करा, भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्या. घरात आधीच अशी पेटी आली असेल तर तार उपटून पसारा लपवत बसू नका, स्वतः होऊन ठाण्यात जा.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी. त्या पेट्यांना सिमकार्डं कुठून मिळतात? आठवडी बाजारात छत्री लावून सिम विकणारा पोरगा म्हातारीचा अंगठा मशीनवर ठेवून घेतो. "उमटला नाही आजी, परत ठेवा," म्हणतो. दुसऱ्या अंगठ्याचं दुसरं सिम निघतं आणि आजीला कळतही नाही. कायद्यानं एका माणसाच्या नावावर नऊ सिम निघू शकतात. आपल्या नावावर किती आहेत ते सरकारच्या 'संचार साथी'वर बघता येतं आणि नको असलेली तिथूनच बंद करायला सांगता येतात. परदेशातून फोन आला पण नंबर इथला दिसला, अशी तक्रारही तिथेच करता येते. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करायचा. ग्रामसभेत कोरम भरेपर्यंत तासभर आपण बसूनच असतो. तेवढ्या वेळात गावातल्या कॉलेजच्या एका पोरीला उभं करून प्रत्येकाच्या नावावरची सिमं तपासून घेता येतील. पंचायतीत भारतनेटची तार आलेली असेल आणि ती खरंच चालू असेल, तर ज्या घरात डेटा परवडत नाही त्यांना आठवड्यातून एकदा तिथून मुलाशी बोलू द्यायला काय हरकत आहे? कचेरीत दुपारी नाहीतरी पंखाच फिरत असतो.

मोरिवलीच्या त्या शेतकऱ्यानं खोली दिली नाही. माणूस पुन्हा दोनदा आला, भाडं आणखी वाढवून देतो म्हणाला, मग आलाच नाही. दुसऱ्या कुणाची खोली मिळाली असेल तर ती कुणाची, ते मला माहीत नाही. मुलाला त्यांनी कार्ड टाकायला लावलं. त्यानं रीतसर पॅक घेतलं आणि आईच्या फोनमध्ये शेजारच्या पोरानं अ‍ॅप टाकून दिलं. कार्डापेक्षा महिन्याला थोडे जास्त जातात, असं तो कुरकुरतो. आता आठवड्यातून चारऐवजी दोनदाच फोन येतो, याचं माउलीला वाईट वाटतं. पण येतो तेव्हा त्याचं नाव दिसतं.