डोंगर चढवलात, तीन पायऱ्यांचं काय?

व्हीलचेअरवरच्या माणसाला उचलून डोंगरावर नेणाऱ्यांच्या विरोधात लिहिलं की शिव्या खाव्या लागतात. ‘चांगलं काम करतात बिचारे, तुमच्या पोटात का दुखतं?’ हा प्रश्न ठरलेला. तरीही लिहितो. कारण ज्याचा हक आहे त्यालाच तो खैरात म्हणून वाटायचा आणि वर सवाब कमवायचा, ही आपली जुनी खोड आहे. आता ती कळसूबाईच्या माथ्यावर पोहोचली आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला कमरेखाली संवेदना नाही. तो एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. कंपनीच्या टीमने समाजकार्यासाठी निधी गोळा करायला कळसूबाईचा ट्रेक काढला आणि त्याला सोबत नेलं. त्या दिवसाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दिवस कसा गेला, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही. मी विचारलं.

आदल्या संध्याकाळपासून त्याने पाणी प्यायचं टाळलं होतं, कारण वाटेत त्याला वापरता येईल असं शौचालय कुठेच नव्हतं. बारी गावात पोहोचल्यावर त्याला बॅनर दिसला. त्यावर त्याचा फोटो होता, त्याला न विचारता छापलेला. लोखंडी शिड्यांशी आल्यावर चादरीने त्याला एका सहकाऱ्याच्या पाठीला बांधलं आणि खुर्ची घडी करून मागून आणली. ‘ठीक आहेस ना?’ असं प्रत्येकाने विचारलं. ‘तुला कसं उचलू?’ असं एकानेही नाही. ज्याला संवेदना नाही त्याला गाठ रुतते आहे हे कळत नाही, जखम झाल्यावरच दिसते आणि ती भरायला महिने जातात. हे त्याला ठाऊक होतं, उचलणाऱ्यांना नव्हतं. निधी कोणत्या संस्थेला जाणार, हे त्याला माथ्यावरच्या भाषणात समजलं.

आणि तरीही तो म्हणाला, “सर, वर मजा आली. वारा काय होता! भंडारदऱ्याचं पाणी दिसत होतं.” हा आनंद खरा आहे आणि तो मी हिरावून घेणार नाही. 1646 मीटर उंचीवर, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर बसायची इच्छा त्यालाही असणारच. म्हणून माझं भांडण डोंगराशी नाही, सोमवारशी आहे. सोमवारी तो कामावर गेला तेव्हा दाराशी त्याच तीन पायऱ्या होत्या, जिथून रोज वॉचमन आणि शिपाई त्याला उचलून आत नेतात. अख्खा डोंगर चढवणाऱ्या टीमला त्या तीन पायऱ्या दिसल्या नाहीत. कशा दिसतील? तिथे कुणी फोटो काढत नाही.

हिशेब सांगतो. रॅम्पचा साधा नियम एकास बारा. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प आणि बाजूला कठडा. गवंड्याचं काही दिवसांचं काम. ट्रेकच्या बसगाड्या, टी-शर्ट, बॅनर आणि जेवण यांच्या बिलाशेजारी हा खर्च मांडून पाहा आणि मग मला सांगा की पैसे नव्हते.

डोंगरावर नेण्याचीही एक रीत असते. ब्रिटनमध्ये बॅक अप नावाची संस्था मणक्याला इजा झालेल्यांसाठी काम करते. 1986 मध्ये ती सुरू करणारे माइक नेमेस्व्हरी हे स्वतः अपघाताने अधू झालेले स्कीइंगपटू. त्यांच्या ‘स्नोडन पुश’ या उपक्रमात व्हीलचेअरवरच्या माणसासह अख्खी टीम वेल्समधला 1085 मीटरचा स्नोडन चढते आणि जमलेला निधी अशाच माणसांच्या कामी येतो. फ्रान्समध्ये जोएल क्लॉडेल या गिर्यारोहण मार्गदर्शकाने 1987 मध्ये आपल्या आजारी पुतण्यासाठी एका चाकाची खुर्ची बनवली. पुढे-मागे माणसं लागतात, पण बसणारा सरळ बसतो, समोर बघतो. तीच आज ‘जोएलेट’ नावाने ओळखली जाते. साहेबाच्या देशात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. बसणाऱ्याच्या अंगाचा विचार आधी झाला, एवढंच दाखवतो आहे. आपल्याकडे आधी बॅनरचा विचार होतो.

आता कायद्याकडे या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी कचेरी असं म्हटलेलं नाही. लोक जिथे येतात-जातात त्या खासगी इमारतीही त्यात आहेत. शाळा, कामाची जागा, दवाखाना आणि हो, धार्मिक स्थळही. नियम 2017 मध्ये आले आणि जुन्या इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती. ती 2022 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक हवीत. म्हणजे रॅम्प हा कुणाचा एहसान नाही. तो न बांधणं ही कायद्याची पायमल्ली आहे.

‘धार्मिक स्थळही’ हे शब्द आपण मुसलमानांनी दोनदा वाचावेत. कंपनीला नावं ठेवून मोकळं होता येणार नाही. आपल्या किती मशिदींमध्ये व्हीलचेअर वुजूखान्यापर्यंत जाते? किती उर्दू शाळांमध्ये दहावीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना एवढाच रस्ता? रमजानमध्ये अशा माणसाच्या हातात आपण सदका ठेवतो, पण जुम्म्याला त्याला आत येता यावं म्हणून एक पायरी फोडत नाही. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांना कौतुकाने एका कोपऱ्यात बसवलं गेलं नाही, मुअज्जिन केलं गेलं. दया आणि बरोबरी यातला फरक आपल्याला चौदाशे वर्षांपासून शिकवलेला आहे, शिकायचं तेवढं राहिलं आहे.

याच देशात अलीगढला जन्मलेले जावेद आबिदी व्हीलचेअरवर होते. विमानात चढण्यासाठी अरुंद आयल चेअर आणि लिफ्टची गाडी हवी म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1998 मध्ये तसा आदेश मिळवला. ‘मला उचला’ अशी विनवणी त्यांनी केली नाही, सोय मागितली. 2001 मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा काही स्मारकांवर घाईघाईने तात्पुरते लाकडी रॅम्प लागले. पाहुणा मोठा असला की रॅम्प एका रात्रीत होतो. मग आपल्याच माणसासाठी वर्षानुवर्षं का होत नाही?

‘निदान काहीतरी करतात ना!’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. एक दिवस उचलून उरलेले 364 दिवस दाराबाहेर ठेवणं हे ‘काहीतरी’ नाही. त्याने आपल्या मनाची टोचणी तेवढी बोथट होते.

तेव्हा ट्रेक जरूर काढा. पण आधी तुमच्या दारातल्या पायऱ्या मोजा. जो येणार आहे त्याला तारीख ठरवण्याच्या बैठकीत बसवा. कसं उचलायचं हे त्याच्याकडून शिका, त्याचा फोटो त्याला विचारून छापा आणि पैसा कुठे जाणार यावर त्याचंही मत घ्या. यातलं काहीच जमणार नसेल तर डोंगर राहू द्या, गवंडी बोलवा.