जोड दिलेली केबल

२००२ साली सेफ ही समुद्राखालची केबल मॉरिशसला पोहोचली आणि आपले बेट जगाशी वेगाने जोडले गेले. पण शाळेच्या संगणकवर्गात तुटलेली केबल अजूनही हाताने पिळून, वर चिकटपट्टी लावून चालवली जाते. आम्हा शिक्षकांना हे पटत नाही.

या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरचा विद्युत अडथळा आणि शेजारच्या जोडीचा उपद्रव तोच रोखतो. म्हणूनच टोकापाशीसुद्धा अर्ध्या इंचाहून अधिक पीळ सोडू नये असा नियम आहे. हातजोडणीत तो बराच सुटतो. दिवा लागतो, पण माहितीचे तुकडे बिघडतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि गती मंदावते. एक जोडी जरी तुटली, तरी १००० मेगाबिटची वाट १०० वर येऊ शकते. धडा अडतो, मुले खोळंबतात आणि दोष मात्र इंटरनेट कंपनीला!

शक्यतो १०० मीटरच्या आतली अखंड नवी केबल टाकावी. न जमल्यास दोन्ही टोकांना प्लग बसवून चांगल्या कपलरने जोडावे. संगणकांवर हजारो रुपये खर्चणाऱ्या पालक-शिक्षक संघांनी एवढ्याशा खर्चासाठी हात आखडू नये, अशी आमची विनंती आहे.