सिंगल एज की डबल एज? वऱ्हाडात दाढीचा हिशेब पाण्यापासून सुरू होतो

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सलूनच्या सेवेवरचा करही तेवढाच उतरला. पण अकोला-अमरावतीच्या गल्लीतल्या कटिंगच्या दुकानाला त्याने फारसा फरक पडला नाही. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या अशा व्यावसायिकाला साधारणपणे जीएसटीची नोंदणीच लागत नाही, मग कर कमी होणार कुठून? सवलत पोचली ती घरी दाढी करणाऱ्यापर्यंत, तीही फेसापुरती.

घरी दाढी करायची ठरवली की पुढचा प्रश्न रेझरचा. एका बाजूला धार असलेला सिंगल एज घ्यायचा की दोन्ही बाजूंना धार असलेला डबल एज? यूट्यूबवर यावर तासन्‌तास चर्चा सापडते. अडचण एवढीच, की त्यातले बहुतेक सल्ले बेसिनवर गरम पाण्याचा नळ सोडून दिलेले असतात. वऱ्हाडात ते गृहीत धरता येत नाही.

खारं पाणी आणि फेस

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर ही त्यातली ओळखीची नावं. इथलं भूजल खारं आहे, म्हणून पिण्याचं पाणी लांबच्या धरणांतून आणावं लागतं. अकोट-तेल्हाऱ्यासाठी वान प्रकल्पावरची ८४ खेडी योजना आहे ती त्यामुळेच. बाळापूर भागातल्या ६९ गावांच्या योजनेला स्थगिती मिळाली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले होते. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी ती यात्रा अडवली.

शहरातही नळाला रोज पाणी नसतं. अकोल्याची भिस्त महानच्या काटेपूर्णा धरणावर, अमरावतीची अप्पर वर्धावर. पाणी आलं की भरून ठेवायचं आणि पुरवून वापरायचं, ही सवय घराघरांत आहे.

दाढीशी याचा संबंध सरळ आहे. पाण्यात क्षार जास्त असले की साबणाला फेस धरत नाही, धरला तरी लवकर बसतो. फेस पातळ झाला की पातं घसरण्याऐवजी ओढतं आणि गालावर जळजळ होते. शिवाय दर दोन फटक्यांनी रेझर धुवायचा तर मग रिकामा व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे वऱ्हाडापुरता रेझरचा पहिला निकष धारेचा नाही. कमी पाण्यात तो किती लवकर मोकळा होतो, हे आधी बघावं लागतं.

दोन रेझर, दोन स्वभाव

सिंगल एज दोघांत जुना. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये सेफ्टी रेझरचं पेटंट घेतलं, पण त्याचं जाड पातं वस्तऱ्यासारखं पुन्हा पुन्हा परजावं लागे. किंग कॅम्प जिलेटने पातळ, फेकून देण्याजोगं दुधारी पातं आणलं. त्याचं पेटंट १९०४ चं. आपल्याकडे ‘ब्लेड’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते हेच.

दुधारी पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं. रेझरच्या डोक्यात ते वाकवून आवळलं जातं आणि त्या ताणानेच घट्ट राहतं. सिंगल एजमधलं ‘जेम’ प्रकारचं पातं ०.२३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जाड. ते वाकत नाही, थरथरत नाही. राठ, दाट दाढीवर हा फरक हाताला जाणवतो आणि त्या बाबतीत सिंगल एजचे चाहते खोटं बोलत नाहीत.

पण मगभर पाण्यात डबल एजचा एक साधा फायदा आहे. एक बाजू फेसाने भरली की रेझर उलटा करायचा. धुणं जवळपास निम्म्यावर येतं. डोकं उघडं असल्याने एका हिसक्यात केसही निघून जातात. शिवाय दुधारी ब्लेड दोन-चार रुपयांत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. सिंगल एजची पाती बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावी लागतात. कुरिअर पोचेपर्यंत दाढी काही थांबत नाही.

मगाने कंपनीलाही शिकवलं

२००२ च्या सुमारास जिलेटने भारतासाठी एक रेझर आणला. त्याची चाचणी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर झाली होती. त्यांच्याकडे वाहता नळ होता. भारतात लोक भांडंभर पाण्यात दाढी करतात, त्यामुळे इथे तो रेझर केसांनी तुंबू लागला. पुढे कंपनीची माणसं भारतीय घरांत जाऊन बसली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ‘गार्ड’ बाजारात आला. एकच पातं, धुवायला सोपा, रेझर १५ रुपयांना आणि सुटं पातं ५ रुपयांना, ही तेव्हाची किंमत.

धारेच्या हिशेबाने तोही एकधारीच. नवशिक्या मुलाच्या हातात द्यायला दुधारीपेक्षा बराही, कारण चुकीचा कोन झाला तरी सहसा कापत नाही. तोटा प्लास्टिकचा, दर पात्यामागे थोडं प्लास्टिक कचऱ्यात जातंच. तीन-पाच पात्यांची महागडी काडतुसं मात्र कमी पाण्यात सगळ्यांत आधी तुंबतात.

कटिंगच्या दुकानातला अर्धा

वऱ्हाडात सिंगल एज सर्वाधिक वापरला जातो तो सलूनमध्ये, फक्त त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही. कारागीर दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धा तुकडा वस्तऱ्यात सरकवतो. एका ब्लेडमध्ये दोन गिऱ्हाइकं होतात. यात गैर काही नाही. गैर आहे ते तोच तुकडा दुसऱ्या चेहऱ्यावर फिरवणं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो आणि दाढीतली जखम दिसण्याइतकी मोठी असावी लागत नाही. जंतुनाशकाच्या पाण्यात वस्तरा बुचकळून काढला म्हणजे तो निर्जंतुक झाला, असं होत नाही. ‘दादा, ब्लेड नवीन लावा’ म्हणायला लाजायचं कारण नाही. चांगला कारागीर न सांगता समोरच मोडतो.

वापरलेलं ब्लेड कुठे टाकायचं, यावर दुकानदार काही सांगत नाही आणि पाकिटावरचं कोणी वाचत नाही. कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकलेलं पातं थेट सफाई कामगाराच्या हातात जातं. घरातल्या एखाद्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला झाकणात चीर पाडली की काम भागतं. ब्लेड इतकं पातळ असतं की असा डबा भरायला काही वर्षं जातात. भरला की चिकटपट्टीने चीर बंद करायची, वर ‘ब्लेड’ लिहायचं आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा द्यायचा.